सापडलेली बाई

मंगळवारी संध्याकाळी तोमोएने स्वतःच्याच घराची बेल वाजवली आणि कुणीतरी दार उघडेल म्हणून ती उभी राहिली. एका हातात अर्धा कोबी आणि टोफूची पिशवी, दुसऱ्या हातात ओली छत्री. तळमजल्यावरच्या अरुंद व्हरांड्यात वारा चांगलाच झोंबत होता, आणि आतून कुणी येत कसं नाही याचा तिला थोडा रागही आला. ‘मीच आहे,’ असं ती दाराला म्हणालीसुद्धा. शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आत कुणीच नाही. आईला जाऊन चौदा महिने झाले होते, आणि त्याआधीची नऊ वर्षं तरी आईने कुठे दार उघडलं होतं? दार हे उघडायचं असतं हेच तिला कळेनासं झालं होतं. किल्ली तोमोएच्या खिशातच होती. तिने कुलूप काढलं, छत्री टांगली, कोबी फ्रीजमध्ये ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती विचार करत राहिली की आपण बाहेर किती वेळ उभ्या होतो. एक मिनिट? दहा? शेजाऱ्याला जाऊन विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आईचंही असंच सुरू झालं होतं. बेलवरून नव्हे, चपलांवरून. पण असंच, एका साध्या संध्याकाळी, काही कारण नसताना.

दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. ती त्रेसष्ट वर्षांची होती, एकतीस वर्षं तिने कपडे धुण्याच्या दुकानाच्या काउंटरवर काढली होती, आणि तिथे एकदाही एकाचा कोट दुसऱ्याच्या हातात गेला नव्हता, याचा तिला अभिमान होता. डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्या तीन शब्दांच्या खेळात बसायचं: मांजर, चेरी, गाडी, आता शंभरातून सात वजा करा. आईच्या शेजारी बसून तिने तो खेळ इतक्यांदा ऐकला होता की उत्तरं तिला पाठ होती, आणि पाठ उत्तरांनी काय सिद्ध होणार? म्हणून तिने स्वतःची परीक्षा स्वतःच काढली. शुक्रवारी एकटीने कुरुमिदानीला जायचं. दोन गाड्या, एक बस, लाल झालेली मेपलची रानं बघायची, डबा खायचा, चार चाळीसच्या शेवटच्या बसने परत यायचं. फोन घरीच ठेवायचा, कारण फोन हातात असणं म्हणजे कॉपी करणं. काही न चुकता आपण घरी आलो तर मंगळवारचं काही नव्हतं. दमलेल्या बाईचा नुसता वेंधळेपणा. चुकलो तर मात्र डॉक्टर.

गाड्या बदलल्या, बस मिळाली, आणि प्रत्येक वेळी तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बसमध्ये ती आणि ड्रायव्हर, दोघंच. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर बस वळून गेली आणि तिचा आवाज संपेपर्यंत तोमोए तिथेच उभी राहिली. दरी खरोखर सुंदर होती; इतकी, की बघणाऱ्याला जरा अवघडल्यासारखं व्हावं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर लाल, पिवळा, गंजलेला असा रंग पेटला होता आणि मधूनमधून देवदारांचे काळे पट्टे होते. कापलेल्या भाताच्या शेतातून तूस जाळल्याचा धूर सरळ वर जात होता, पण तो जाळणारा कुठे दिसत नव्हता. पर्सिमनची झाडं फळांनी लगडली होती आणि ती फळं कुणी उतरवलीच नव्हती. घरांच्या लाकडी झडपा बंद, अंगणं मात्र झाडलेली. एका फाटकावर कागद लावलेला: यंदा अस्वलं खाली उतरताहेत, घंटी बाळगा. तोमोएकडे घंटी नव्हती. ती जरा पाय वाजवत चालू लागली, आणि मग आपल्याच पावलांचा आवाज ऐकून तिला उगाच वाटलं की कुणीतरी बरोबर चालतंय. धरणाच्या भिंतीवर बसून तिने डबा खाल्ला. भात, खारवलेलं प्लम, अंड्याची वडी. सगळं आठवणीने आणलं होतं, ओला रुमालसुद्धा. इतकं बरं तिला बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं.

सव्वा वाजता गावाचे लाउडस्पीकर बोलू लागले. दरीत ते चार-पाच खांबांवर होते, आणि सांगणारी बाई प्रत्येक शब्दानंतर थांबत होती, कारण तोच शब्द पुढच्या खांबावरून, मग त्याच्या पुढच्यावरून आणि शेवटी डोंगरावरून परत येत असे. गाव कार्यालयातर्फे, तर्फे, तर्फे. एक वृद्ध महिला, महिला, सकाळपासून घरी आलेल्या नाहीत, नाहीत. तोमोएने झाकण लावता लावता हात थांबवला. आईच्या वेळी असंच दोनदा सांगावं लागलं होतं, आणि आपल्या आईची उंची, आईचा स्वेटर, आईची चप्पल आख्ख्या वस्तीच्या डोक्यावरून वाहत जाताना ऐकून तिला रस्त्यात कपडे उतरवल्यासारखं झालं होतं. वय सत्तरच्या पुढे. उंची दीड मीटर. मोहरीच्या रंगाचं कापूस भरलेलं जाकीट. पांढरी कापडी टोपी, टोपी, टोपी. तपकिरी पँट. पाठीवर राखाडी पिशवी. तोमोएने खाली बघितलं. जाकीट मोहरीच्या रंगाचं होतं. टोपी पांढरी होती. पँट तपकिरी होती, पिशवी राखाडी होती. सगळं त्या स्वस्त दुकानातलं, जिथून देशातल्या अर्ध्या म्हाताऱ्या कपडे घेतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही पहिला विचार आला तो असा की सत्तरच्या पुढे काय, मी तेवढी दिसते का? आणि दुसरा असा की हे माझ्याबद्दलच असेल तर?

परत जाताना पुलावर तिला गावातले दोघं जण भेटले. नागाई म्हणून एक गृहस्थ, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि हिसायो नावाची पन्नाशीची गुबगुबीत बाई, एप्रनवरच धावत आलेली. दोघांच्या मनगटांवर नारिंगी रबराची कडी होती. तोमोएने ती बघितली आणि तिला कळलं की आता काय होणार. तसंच कडं तिच्या घरच्या खणात पडलं होतं. दीड तासाचं शिबिर असतं, शेवटी ते कडं मिळतं, आणि तीन गोष्टी पाठ करून घेतात: विस्मरण झालेल्या माणसाला दचकवू नका, घाई करू नका, खोटं पाडू नका. दोघं समोरून आले, पाठीमागून नाही. चार पावलांवर थांबले. हिसायो गुडघ्यात वाकली, म्हणजे डोळे एका पातळीवर येतील.

“काय सुरेख हवा पडलीये, नाही? फिरायला निघालात?”

“हो. आता बसथांब्याकडे चाललेय.”

“छान, छान. बसला अजून वेळ आहे हो. आमच्याकडे चहा घेऊन जा की. मी हिसायो. आणि तुम्ही किनुयो-सान ना?”

“नाही. मी सुगिउरा. सुगिउरा तोमोए. तुम्ही ज्यांना शोधताय त्या मी नाही. कपडे तसेच आहेत, पण मी सकाळी बसने आले, तोक्योकडून.”

“हो हो,” हिसायो म्हणाली, आणि हसली. “तोक्योकडच्याच तुम्ही. दोनच महिने झाले ना इकडे येऊन? नवीन जागा, गोंधळ होतोच. माझा अजून होतो, आणि मी इथलीच!”

“अहो, खरंच मी ती नाही.”

“बरोबर आहे तुमचं,” नागाई म्हणाले. “अगदी बरोबर. चहा घेता घेता बोलू.” आणि पाठ वळवून ते हळूच फोनवर बोलले.

ओळखपत्र घरच्या दुसऱ्या पर्समध्ये होतं. प्रवासाच्या कार्डावर नाव नव्हतं. फोन तिने स्वतःच्या हाताने स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला होता, आणि का ठेवला ते सांगायला गेली असती तर उरलासुरला विश्वासही गेला असता. गावात किनुयोला नीट ओळखणारं कुणी नव्हतं. हागिवारांचा म्हातारा पन्नास वर्षांनी बापाच्या घरी परतला होता, बायको बरोबर आणली होती, आणि ती घराबाहेर फारशी पडतच नसे. हे सगळं हिसायोने वाटेत तिलाच सांगितलं, आठवण करून देत असल्यासारखं, मायेने.

गावाच्या सभागृहात तिला चटईवर बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं, चहा दिला. अग्निशामक दलाचे तिघं अर्धवट बटणं लावलेल्या गणवेशात शोधाला निघायच्या बेतात होते, ते थांबले. सात-आठ माणसं जमली, सगळ्यांच्या मनगटावर ते नारिंगी कडं, आणि सगळ्यांच्या तोंडावर ते हसू. तोमोएला ते हसू आतून माहीत होतं. नऊ वर्षं तिने ते स्वतःच्या चेहऱ्यावर चढवलं होतं. ओठ किती ताणायचे, मान किती कलती करायची, ‘हो हो’ मधला दुसरा ‘हो’ किती खाली आणायचा, सगळं तिला ठाऊक होतं. आपण ते इतकं चांगलं करतो म्हणून शिबिराच्या बाईंनी तिचं कौतुकही केलं होतं. पण समोरून ते कसं दिसतं हे तिने कधी बघितलं नव्हतं. समोरून ते भिंतीसारखं दिसत होतं. आईच्या शेवटच्या वर्षी आई रोज सांगायची की जमिनीखाली कुणीतरी रडतंय. रोज, चटईवर हाताने थोपटून. आणि तोमोए म्हणायची, हो हो, मी सांगितलंय त्याला गप्प बसायला. तीन आठवडे आई सांगत राहिली, मग थांबली. आई गेल्यावर चटया बदलायला माणसं आली, त्यांनी फळ्या उचकटल्या, तेव्हा कोपऱ्यात मांजराच्या चार पिल्लांची एवढीशी हाडं निघाली. कामगाराने टोपी काढली होती. तोमोएने त्यांना चहा करून दिला आणि ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

आता आई गप्प का झाली ते तिला कळलं. सांगून सांगून दमल्यावर माणसाला वाटू लागतं की एवढे सगळे म्हणताहेत तर असेलही. शिवाय हे लोक किती चांगले होते. कुणी काम टाकून आलं होतं, कुणी जेवण. त्यांच्या चेहऱ्यांवर सुटका तयार होती, नुसता तिचा एक शब्द हवा होता. आणि त्या बेलचं काय? ज्या बाईने मंगळवारी स्वतःच्या दाराला ‘मीच आहे’ म्हणून सांगितलं, तिने शुक्रवारी आपण कोण हे इतक्या ठासून सांगावं? किनुयो कोण हे तिला माहीत नव्हतं खरं. पण आईलाही शेवटी तोमोए कोण हे माहीत नव्हतं, म्हणून तोमोए नव्हती थोडीच? हिसायोने पाचव्यांदा विचारलं, अगदी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं: “किनुयो-सान ना तुम्ही?”

“हो,” तोमोए म्हणाली.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी तिचा खांदा दाबला. पाच मिनिटांत लाउडस्पीकर बोलले, आणि सभागृहाच्या काचा हलल्या. सकाळपासून बेपत्ता असलेल्या महिला सापडल्या आहेत, आहेत, आहेत. सुखरूप आहेत. सहकार्याबद्दल सर्वांचे आभार. अग्निशामक दलाच्या माणसांनी बूट काढले. तोमोएने तो आवाज डोंगरावर जाऊन परत येताना ऐकला आणि तिला खूप हलकं वाटलं. मी सापडले. आता मला काही आठवायला नको. त्या हलकेपणाची तिला पुढे फार लाज वाटली, पण तेव्हा तो होता, आणि गोड होता.

तीनच्या सुमारास म्हाताऱ्या हागिवाराला गाडीतून आणलं. उंच, स्वच्छ दाढी केलेला, बोलायला अदबशीर माणूस. दारात वाकून त्याने सगळ्यांची माफी मागितली, इतक्या सुरेख शब्दांत की हिसायोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो तोमोएसमोर बसला. हा सांगेल. आता हा काय म्हणेल त्यावर सगळं होतं.

“हीच,” तो म्हणाला. “थंडी नाही ना वाजली?”

त्याने तिच्या जाकिटाची कॉलर नीट केली. बोटं ऊबदार होती. तोमोएला त्या डोळ्यांत फसवणूक दिसेना. तो खरोखर आपल्या बायकोकडे बघत होता.

“सगळ्यांना त्रास दिलास बघ,” तो म्हणाला. “बरं, माझं जेवण झालं का गं?”

“झालं हो, हागिवारा-सान,” हिसायो म्हणाली. “आमच्याकडेच दोन घास खाल्लेत ना.”

“हो का. आभारी आहे.” तो बागेबद्दल बोलला, यंदाच्या पानांबद्दल बोलला, अगदी व्यवस्थित. मग म्हणाला, “दुपारचं जेवण तेवढं राहिलंय.”

लोक एकमेकांकडे बघून हळहळले. बिचारा, धक्का बसलाय. तोमोएने मात्र खाली बघितलं. त्याच्या मोज्यांचे रंग वेगळे होते. स्वेटर उलटा होता, त्याची शिवण बाहेर आली होती. शर्टाचं एक बटण एक घर चुकून लावलेलं, आणि त्याच्या पुढची सगळी त्याच चुकीने ओळीत गेलेली. अदब मात्र शाबूत. अदब सगळ्यात शेवटी जाते. आईने शेवटच्या आठवड्यातही नर्सला वाकून नमस्कार केला होता. बाहेरच्यांना वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं ते फक्त एकाच माणसाला, जो घरात असतो, जो बटणं लावून देतो, आणि जो म्हणून घराबाहेर फारसा पडत नाही.

याच्या बायकोला काही झालेलं नाही, तोमोएला वाटलं. किनुयोचं डोकं उत्तम आहे. विसरतो हा. ती सांगून गेली आणि हा विसरला, आणि हरवली म्हणून सांगायला गेला. आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, तासाभरापूर्वीचा, त्या एका शब्दाचा. बाहेर उन्हाची कड समोरच्या डोंगरावर चढत चालली होती. खाली दरीत सावली आली होती. कुठेतरी एक बाई सकाळपासून बाहेर होती, आणि तिला आता कुणीही शोधत नव्हतं.

“हिसायो-सान,” ती म्हणाली, “मी चुकीचं बोलले. मी किनुयो नाही. ती अजून बाहेर आहे. कृपा करून ऐका.”

“हो हो,” हिसायो म्हणाली.

तोमोए ओरडणार होती. पण ओरडणाऱ्या बाईचं काय करतात ते तिला माहीत होतं. तिने नऊ वर्षांचं कसब गोळा केलं, म्हाताऱ्याच्या बाजूला सरकून बसली, त्याच्याबरोबर खिडकीतून बाहेर बघू लागली. विचारायचं नाही, आठवतं का म्हणायचं नाही. नुसतं वाक्य अर्धं सोडायचं.

“अक्रोड पडायला लागले असतील आता,” ती म्हणाली, कारण या दरीत तेच सगळीकडे होते.

“लागले ना,” म्हातारा म्हणाला. “किनुयो तेच आणायला गेलीये. पाण्याच्या जुन्या टाकीमागे. आमचं झाड आहे ते, वडिलांच्या वेळचं. मी म्हटलं, उतार घसरडा आहे, सांभाळ.” आणि मग वळून तिच्याकडे नीट बघत, पाहुणीशी बोलावं तसं: “जेवून घ्या म्हणाली मला. बारा वाजता. मी जेवलो का, काही कल्पना आहे आपल्याला?”

“ऐकलंत?” तोमोए सगळ्यांना म्हणाली.

त्यांनी ऐकलं होतं. पण तिच्या शब्दाने त्याचा शब्द खरा ठरत नव्हता आणि त्याच्या शब्दाने तिचा. नवरा-बायको दोघंही, असा एक कळवळा त्या खोलीतून फिरला. तोमोए उठली, बूट घातले आणि बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं नसतं. तेही शिबिरात शिकवतात: जाऊ द्या, बरोबर चाला, अंतर ठेवा, दमल्यावर माणूस आपणहून वळतं. शेताच्या बांधालगतच्या घराची झडप लावणाऱ्या एका म्हातारीला तिने जुनी टाकी कुठे म्हणून विचारलं. म्हातारीने देवदारांतून वर जाणारी पायवाट दाखवली. तोमोए चढू लागली, आणि तिच्या मागे दहा पावलांवर हिसायो, नागाई, अग्निशामक दलाचे तिघं, आणखी दोन बायका, सगळे गप्प, सगळे हसतमुख. ती थांबली की ते थांबत. ती वळली की ते मान डोलावत. झाडांत उजेड जवळजवळ नव्हताच, आणि त्या माणसांची मनगटं तेवढी दिसत होती, नारिंगी, वरखाली होणारी. कुणाच्या तरी कमरेची अस्वलासाठीची घंटी किणकिणत होती. चार चाळीसची बस खाली दरीत वळताना तिला ऐकू आली. ती बस आपली होती हे तिच्या लक्षात आलं, आणि ती चढत राहिली.

टाकी शेवाळलेली होती. तिच्यामागे जमीन एकदम खाली गेली होती, पानांनी भरलेली, ओली. अक्रोडाच्या झाडाखाली एक टोपली कलंडली होती. तोमोएने ओरडायला तोंड उघडलं, आणि क्षणभर तिला कळेना की मागच्यांना हे कसं ऐकू जाईल. एक हरवलेली बाई रानात उभी राहून स्वतःलाच हाका मारतेय, असंच ना? त्यांना वाटो. तिला आता तरी खात्री होती की हाक कुणाला मारायची आहे.

“किनुयो-सान!” ती ओरडली. “किनुयो-सान! कुठे आहात?”

मागून हिसायोचा हुंदका आला. “अगं बाई,” ती पुटपुटली, “बिचारी.”

“किनुयो-सान!”

डोंगराने नाव परत दिलं. मग काहीच नाही. मग खालून, पानांतून, अगदी जवळून, एक बारीक, घोगरा आवाज आला.

“इथे. पाय मोडलाय बहुतेक.”

मागची घंटी थांबली. तोमोए बसत, घसरत, मुळांना धरत खाली गेली. पानांत एक बाई अर्धी गाडली गेली होती, मोहरीच्या रंगाच्या जाकिटात, ओठ निळे पडलेले, डोळे मात्र टक्क उघडे आणि शहाणे. तोमोएने तिचे हात हातात घेतले. ते गार पडले होते; ती ते चोळू लागली.

“माझे मिस्टर जेवले का?” त्या बाईने विचारलं.

“जेवले.”

“दुपारी लाउडस्पीकरवर माझं वर्णन ऐकलं,” ती बाई म्हणाली, दातांवर दात आपटत, पण सावकाश. “तेव्हा जोर आला. खूप ओरडले. मग त्यांनी सांगितलं की मी सापडले. सुखरूप आहे म्हणून.” ती तोमोएच्या टोपीकडे, जाकिटाकडे बघत राहिली. “म्हटलं, मग असेन. आणि मी ओरडायची थांबले.”